प्रिंटर चालेल ना?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा अधिकृत आधार (सपोर्ट) संपला आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या, म्हणजे प्रोग्रॅम कुणालाही पाहता-बदलता यावा असं मानणाऱ्यांच्या, गोटात जुनीच आशा नव्याने पालवली. चांगले चालणारे कोट्यवधी संगणक एका तारखेला ‘जुने’ ठरले. त्यांतल्या अनेकांवर विंडोज ११ चढत नाही, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. मग आता तरी लोक लिनक्स या मुक्त प्रणालीकडे वळतील, असं गणित मांडलं गेलं. एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा आधार संपला तेव्हाही हेच गणित होतं आणि तेव्हाही लोंढा आला नाही. मग सुरू होतो तो नेहमीचा वाद. एक बाजू म्हणते, लोक आळशी आहेत, त्यांना बेडीचीच सवय झाली आहे, कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी. दुसरी म्हणते, लोकांनी चाळीस वर्षांपूर्वीच कौल दिलाय, त्यांना सोय हवी, तत्त्व नको, आणि ही चळवळ म्हणजे मूठभर हेकट माणसांचं सोवळं आहे. मला दोघांचंही चुकतंय असं वाटतं, आणि दोघांची चूक एकच आहे. एखाद्या स्वातंत्र्याची किंमत ते किती जणांनी हौसेने निवडलं यावर ठरते, हे दोघांनी मनोमन धरून चाललंय. माझं म्हणणं असं की सामान्य माणसाची बेफिकिरी हा दुर्गुणही नाही आणि निकालही नाही. सॉफ्टवेअरचं स्वातंत्र्य त्याच्यापर्यंत दुसऱ्या कुणाच्या तरी हातूनच पोचू शकतं. तो दुसरा जिथे उभा राहिला तिथे लोकांनी ते स्वातंत्र्य नाव न विचारता उपभोगलं आहे.

सुरुवात कशी झाली ते पाहू. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तो कागद अडकून थांबायचा. आधीच्या प्रिंटरच्या वेळी तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरने प्रोग्रॅममध्ये बदल करून ठेवला होता. कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जायचा आणि कुणीतरी उठून तो सोडवायचं. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा माणसाला वाचता-बदलता येणारा मूळ मजकूर, कंपनीने दिलेला नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे तो होता त्याला स्टॉलमनने जाऊन विचारलं, तर कोड कुणाला न देण्याचा करार केलाय म्हणून त्याने नकार दिला. पुढचा इतिहास परिचित आहे: २७ सप्टेंबर १९८३ ला जीएनयू या मुक्त संगणक-प्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन, १९८९ मध्ये प्रोग्रॅम वाटणाऱ्याने कोडही द्यावा अशी अट घालणारा जीपीएल परवाना. एवढ्या मोठ्या चळवळीच्या मुळाशी अडकलेला कागद आहे, हे मला फार आवडतं. पण ही गोष्ट भक्तिभावाने सांगणारे तिच्यातला एक तपशील गिळतात. त्याच इमारतीतल्या, प्रोग्रॅम न लिहिणाऱ्या एखाद्याचा कागद अडकला असता, तर त्याने तो ओढून काढला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या आणि पुढच्या कामाला लागला असता. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे जळत दोघांचंही होतं. कळलं ते त्यालाच, ज्याच्या हातात पाण्याची घागर होती.

त्या संतापातून चार स्वातंत्र्यं आली: हवं त्या कामासाठी प्रोग्रॅम चालवायचं, त्याचा अभ्यास करून तो बदलायचं, त्याच्या प्रती वाटायचं आणि बदललेल्या प्रतीही वाटायचं. त्यांची मोजणी, प्रोग्रॅमरांच्या सवयीप्रमाणे, शून्यापासून सुरू होते. ती कुणी आणि कुणासाठी लिहिली, हे एवढ्यावरूनच ओळखावं. यातलं पहिलं आणि तिसरं कुणालाही वापरता येतं, पण चळवळीचा प्राण उरलेल्या दोघांत आहे आणि ती दोन्ही कोड वाचता येणाऱ्याची आहेत. इंग्रजीतल्या ‘फ्री’ शब्दाचे दोन अर्थ होतात, म्हणून लोक मुक्तला फुकट समजतात आणि मूळ मूल्य पोचत नाही, हे रडगाणं इतकी वर्षं चालू आहे. मराठीत हा घोळ मुळातच नाही. आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. मग मराठी बोलणाऱ्यांना हे तत्त्व चटकन पटायला हवं होतं. पटलं का? उलट आपल्याकडे मुक्ती म्हटलं की माणूस हात जोडतो आणि ती पुढच्या जन्मावर ढकलतो.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मला मान्य करायलाच हवा. वृत्तपत्र स्वातंत्र्य तरी किती जण ‘वापरतात’? हजारात एखादा माणूस बातमी लिहितो, बाकीचे वाचतात. म्हणून कुणी असं म्हणत नाही की हे स्वातंत्र्य पत्रकारांपुरतं आहे. मग कोड वाचता येत नाही या सबबीवर सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्याला प्रोग्रॅमरांची हौस का म्हणायचं? आक्षेप बिनतोड आहे, पण तो माझ्याच बाजूने झुकतो. वृत्तपत्र स्वातंत्र्य वाचकापर्यंत पोचतं, कारण मध्ये एक व्यवसाय उभा आहे. वार्ताहर आहे, संपादक आहे, रोज सकाळी दारात पडणारा अंक आहे. मोटारीचं बॉनेट उघडण्याच्या हक्काचंही तसंच. बहुतेकांनी ते पाणी घालण्यापलीकडे उघडलेलं नसतं, तरी तो हक्क जिवंत आहे, कारण मेकॅनिक नावाचा माणूस आहे. सॉफ्टवेअरमध्ये हा मधला माणूस कुठे आहे? चळवळ म्हणते, तुम्हाला येत नसेल तर प्रोग्रॅमरला पैसे देऊन बदल करून घ्या. कागदावर छान आहे. पण ‘या बटणाची जागा बदलून द्या’ म्हणून प्रोग्रॅमर नेमणारा गृहस्थ तुम्ही पाहिलाय का? एका माणसाच्या एका अडचणीसाठी तो खर्च परवडत नाही. मेकॅनिकला एकच दुरुस्ती हजार गाड्यांवर करून पोट भरता येतं. सॉफ्टवेअरची दुरुस्ती एकदा झाली की झाली, दुसऱ्यांदा पैसे कुणी देत नाही.

आणि तरीही तो मधला माणूस अधूनमधून उभा राहतो, तेव्हा काय होतं ते पाहण्यासारखं आहे. ओपनऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर सन कंपनीच्या छत्राखाली वाढलं. २०१० च्या जानेवारीत सन ओरॅकलच्या ताब्यात गेली. नवा मालक काय करेल याची धास्ती घेऊन त्यावर काम करणाऱ्या अनेकांनी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कोड उचलला, द डॉक्युमेंट फाउंडेशन काढलं आणि लिब्रेऑफिस या नावाने काम पुढे चालवलं. घरी बसून पत्रं टाइप करणाऱ्याला यातलं काही कळलं नाही. त्याच्या फाइली उघडत राहिल्या. आता दुसरं चित्र पाहा. १ जुलै २०१३ ला गूगलने आपलं रीडर बंद केलं. वेगवेगळ्या संकेतस्थळांवरचं नवं लेखन एका जागी वाचण्याचं ते साधन अनेकांच्या रोजच्या सवयीचं होतं. लोक चिडले, सह्यांची मोहीम झाली. उपयोग शून्य, कारण उचलून न्यायला कुणाच्या हाती काही नव्हतंच. पहिल्या गोष्टीत स्वातंत्र्याने काम केलं म्हणून कुणाला ते दिसलं नाही. दुसरीत ते नव्हतं म्हणून लोकांना बोचलं, पण नेमकं काय नव्हतं हे सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हता. ‘माझं आवडतं ॲप बंद केलं मेल्यांनी’ एवढंच ते म्हणू शकले. या माणसाला बेफिकीर म्हणायचं? मला तर तो मुका वाटतो.

कट्टर बाजूचा दुसरा मुद्दा नैतिक आहे आणि तोही हलका नाही. माणसं तत्त्वासाठी गैरसोय सोसतात, हे इतिहासात दिसतं. गुलामांच्या श्रमातून आलेली साखर खाऊ नका, असं आवाहन १७९१ मध्ये ब्रिटनमध्ये झालं आणि थॉमस क्लार्कसन या गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्याच्या अंदाजाने सुमारे ३ लाख लोकांनी ती सोडली. मग आजच्या माणसाला एक ॲप सोडवत नाही? प्रश्न बोचरा आहे. पण साखर सोडणाऱ्याला शेजारणीशी बोलणं सोडावं लागत नव्हतं. निरोपांचं ॲप सोडायचं म्हणजे ज्या गटात लग्नाची तारीख ठरते, आजाऱ्याची खबर येते, मुलांच्या शाळेची सूचना येते, तो गट सोडायचा. स्टॉलमन स्वतः मोबाइल बाळगत नाही. त्याच्या सातत्याला माझा नमस्कार आहे, पण तो संन्यास झाला आणि प्रश्न प्रपंच करणाऱ्यांचा आहे. संन्याशांच्या संख्येवरून समाजाची नीती मोजू नये. शिवाय साखरेच्या बहिष्काराने हवा तापली हे खरं असलं, तरी गुलामांचा व्यापार थांबला तो १८०७ च्या कायद्याने आणि ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपवली ती १८३३ च्या कायद्याने. साखरेचा चमचा खाली ठेवणाऱ्यांनी संसदेचं दारही ठोठावलं होतं. आपल्या चळवळीने मात्र दुसरं काम सोडून पहिल्याचाच धोशा लावला. हे वापरू नका, ते वापरू नका, फोन बदला, सवयी बदला. आणि लोक बदलले नाहीत की लोकांना नावं ठेवायची. नाचता येईना अंगण वाकडं, याहून वेगळं काय आहे हे?

मला यापेक्षा जवळची वाटणारी गोष्ट टेलिफोनची आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाचा मोठा काळ टेलिफोन म्हणजे बेल कंपनीचा टेलिफोन. यंत्र कंपनीचं, भाड्याने दिलेलं, बिघडलं तर कंपनीचा माणूस येऊन दुरुस्त करणार. त्या यंत्राला बाहेरची कुठलीही वस्तू जोडायला नियमाने मनाई. ही मनाई किती टोकाची असावी? बोलणं शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडाशी लावायचं हश-ए-फोन नावाचं साधं झाकण होतं. त्यात वीज नाही, तार नाही. त्यावरही कंपनीने आक्षेप घेतला आणि प्रकरण न्यायालयात जाऊन १९५६ मध्ये कंपनीच्या विरोधात निकाल लागला. पुढे टेक्सासच्या टॉम कार्टरने टेलिफोन आणि दुतर्फी रेडिओ यांची सांगड घालणारं कार्टरफोन हे उपकरण विकायला काढलं. कंपनी म्हणाली, परकी उपकरणं जोडली तर सगळं जाळं धोक्यात येईल. १९६८ मध्ये तिथल्या संचार आयोगाने हे म्हणणं फेटाळलं. जाळ्याला इजा होत नसेल तर ग्राहक आपल्याला हवं ते जोडू शकतो, असं ठरलं. पुढच्या दशकात त्यासाठी नोंदणीचे नियम आले, प्रमाणित जॅक आले, आणि त्या जॅकमधून उत्तर देणारी यंत्रं, फॅक्स आणि मोडेम घरोघर शिरले. आज आपण ज्याला इंटरनेट म्हणतो ते सामान्य घरात पहिल्यांदा आलं ते याच भोकातून.

आता विचार करा, १९६७ मध्ये एखाद्या गृहिणीला कुणी विचारलं असतं की बाई, तुम्हाला टेलिफोनला परकं उपकरण जोडण्याचं स्वातंत्र्य हवंय का, तर ती काय म्हणाली असती? माझा फोन नीट चालतो, जोडायचंय कशाला? तिचं उत्तर प्रामाणिकच होतं. जोडण्यासारखं फारसं काही बाजारात नव्हतं, कारण जोडायला बंदी होती. त्या उत्तराच्या आधारे ‘ग्राहकांना स्वातंत्र्य नको आहे’ असा निष्कर्ष काढणारा किती मूर्ख ठरला असता! आणि त्या बाईला आळशी, गुलाम वृत्तीची म्हणणारा त्याहून जास्त. भांडला एक हट्टी दुकानदार, निकाल दिला एका आयोगाने, वकिलांनी फी घेतली आणि फायदा तिच्या नातवंडांना झाला. मोर्चा कुणीच काढला नाही.

संस्थांनी ठरवलं की प्रश्न सुटतो, असाही भाबडा सूर मला लावायचा नाही. म्युनिक शहराने २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्सकडे जायचं ठरवलं. सुमारे १५,००० संगणकांचं ते काम दहा वर्षं चाललं, जगभर कौतुक झालं, आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने परत विंडोजकडे जायचा ठराव केला. सॉफ्टवेअर वाईट होतं म्हणून, की राजकारण बदललं म्हणून, यावर अजून भांडणं होतात. मला दोन्हींत तथ्य वाटतं. पण फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने तोच मार्ग धरला आणि तिथे उबंटू या लिनक्सच्या एका प्रकारावर आधारलेली त्यांची स्वतःची प्रणाली टिकली. त्या शिपायांना कुणी जीएनयूचा जाहीरनामा वाचून दाखवला नसणार. सकाळी संगणक सुरू केला तेव्हा समोर तेच होतं, आणि पंचनामा त्यावर लिहिता येत होता. बहुतेक माणसं विंडोजवरही अशीच आली आहेत. संगणक विकत घेतला तेव्हा त्यात ते होतं. ज्याला आपण ‘लोकांची निवड’ म्हणतो, ती कुणीतरी आधी केलेली निवड असते.

पलीकडचे लोक इथे हसून सांगतात की भांडताय कशाला, तुम्ही तर जिंकलात. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो, अँड्रॉइडच्या तळाशी तेच आहे, तुमच्या घरातल्या राउटरमध्येही बहुधा तेच असेल. सगळं खरं. पण टिवो या टीव्ही कार्यक्रम नोंदवणाऱ्या डब्याची गोष्ट हा विजय नीट समजावते. त्यात लिनक्स होतं, परवान्याप्रमाणे कोडही उपलब्ध होता. मात्र तुम्ही बदललेला कोड त्या डब्यावर चालत नसे, कारण कंपनीची सही नसलेलं काही चालवायचं नाही असं हार्डवेअरमध्येच बसवलेलं होतं. कोड मुक्त, डबा बंद. ही पळवाट बुजवायला २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली. लिनक्सचा जनक लिनस तोरवाल्ड्सने त्याचा गाभा दुसऱ्याच आवृत्तीवर ठेवला, आणि त्याची कारणंही अगदीच टाकाऊ नव्हती. तेव्हा विजय झाला तो कोडचा. कंपन्यांना घडवायला फुकट विटा मिळाल्या आणि राहणारा भाडेकरूचा भाडेकरूच राहिला. त्याने आनंद मानावा तरी कशाचा?

बेफिकिरीवरचा आणखी एक आरोप मात्र मला अस्वस्थ करतो. मुक्त सॉफ्टवेअर सगळे वापरतात आणि ते लिहिणाऱ्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. फुकट ते पौष्टिक. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या मुक्त प्रोग्रॅममध्ये हार्टब्लीड ही चूक सापडली, तेव्हा जगाला कळलं की निम्म्याहून अधिक वेबचा व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या या प्रकल्पाला वर्षाला साधारण २,००० डॉलर देणग्या मिळत होत्या. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या छोट्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी शिताफीने चोरदरवाजा बसवल्याचं उघड झालं. तो प्रकल्प अनेक वर्षं एक थकलेला माणूस सांभाळत होता. तो दरवाजा सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं म्हणून. हा गृहस्थ मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला आहे, हा नियतीचा विनोदच. पण या उपेक्षेचा बोजा सामान्य वापरकर्त्याच्या सदसद्विवेकावर टाकणं मला बनवाबनवी वाटते. पूल कोसळला तर आपण त्यावरून चालणाऱ्यांना ‘तुम्ही सिमेंटची चौकशी का नाही केली’ असं विचारत नाही. त्या पुलावर टोल घेणारे कोण आहेत, ते विचारतो. २०२४ मध्ये युरोपीय संघाने केलेल्या सायबर रेझिलियन्स कायद्यात हीच दिशा आहे. बाजारात उत्पादन विकणाऱ्यावर त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी आहे आणि विनामोबदला कोड लिहिणाऱ्याला त्यातून बऱ्याच अंशी वगळलं आहे.

आणि लोकांना काहीच पडलेली नसते, हे तरी खरं आहे का? अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरसाठी जी झुंज दिली ती पाहा. ऐन सुगीत ट्रॅक्टर थांबतो, बिघाड किरकोळ असतो, पण त्यातल्या संगणकाला समजावणारं सॉफ्टवेअर अधिकृत विक्रेत्याकडेच असतं. त्यांनी राज्याराज्यांत दाद मागितली आणि २०२३ मध्ये कोलोरॅडोने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला. त्या शेतकऱ्यांनी सोर्स कोड मागितला नाही. त्यांनी सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि निदान करणारी साधनं मागितली. शुद्धतावादी याला तडजोड म्हणतील. मला वाटतं, चार स्वातंत्र्यांपैकी जेवढं त्यांच्या मुठीत मावत होतं तेवढं त्यांनी बरोबर ओळखून घेतलं. असंच मुठीत मावणारं अजून बरंच आहे. माझ्या फाइली दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडाव्यात. सेवा सोडताना माझे फोटो माझ्याबरोबर यावेत. कंपनीने आधार काढला तर यंत्राचं कुलूप तरी काढून द्यावं. एका ॲपमधून दुसऱ्या ॲपला निरोप जावा, जशी ई-मेल कुठूनही कुठेही जाते. यातल्या कुठल्याही मागणीसाठी माणसाला कोड वाचता यावा लागत नाही, आणि यातली प्रत्येक मागणी मान्य झाली की मुक्त सॉफ्टवेअरला शिरायला एक फट तयार होते. पण ‘माहितीचे साचे (फॉरमॅट) खुले करा’ म्हणून सरकारी निविदेत एक वाक्य घालून घेणं हे कंटाळवाणं काम आहे. त्यापेक्षा शेजाऱ्याला त्याच्या फोनवरून टोमणा मारणं सोपं आणि चविष्टही.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतोय खरा, पण मीही तो टोमणा पुष्कळ मारलाय. माझ्या मामाचा लॅपटॉप विंडोज ११ ला नालायक ठरला, तेव्हा मी त्यावर लिनक्स मिंट चढवून दिलं आणि चढवताना त्याला स्वातंत्र्यावर चांगलं अर्धा तास ऐकवलं. मामाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते ठीक आहे रे, पण प्रिंटर चालेल ना?” मला हसू आलं, थोडा रागही आला. घरी परतताना वाटेत एमआयटीतला तो अडकलेला कागद आठवला आणि राग गेला. प्रिंटर पहिल्याच झटक्यात चालला, त्याचं श्रेय कप्स नावाच्या, छपाई सांभाळणाऱ्या मुक्त प्रणालीला, जी मामाला माहीत असण्याचं काही कारण नाही. लॅपटॉप उत्तम चालू आहे. मामा अजूनही त्याला ‘नवं विंडोज’ म्हणतो. मी आता दुरुस्त करत नाही.